गिरीसाहेबांची साक्ष

या अंकासाठी लेख मागणारे जे पत्र मला आले, त्याचे पहिलेच वाक्य असे होते : 'नोकरीतील अनुभवांवर लेख मागविण्यात येत आहेत.' मी उलटटपाली विचारले, 'कोण मागवीत आहे?' संपादक सज्जन असावेत. 'मी मागवीत आहे' असे स्वच्छ उत्तर त्यांनी स्वतःच्या सहीने पाठविले. त्या सहीचा मान राखून मी लिहावयास बसलो आहे. ज्या वाक्यात करणारा माणूस सापडत नाही, अशाच एका वाक्याने माझी नोकरी गेली, हे वाचकांना आरंभीच सांगून ठेवतो.

भंडारा जिल्ह्यातील एका ओतकामाच्या कारखान्यात मी रशियन भाषेचा अनुवादक होतो. कारखान्याचे नाव देत नाही. भीतीपोटी नव्हे, तो कारखाना केव्हाच बंद पडला आणि मेलेल्यावर नोटीस बजावता येत नाही. भट्ट्या रशियाहून आलेल्या, नकाशे रशियन, त्या उभारणारे तज्ज्ञ रशियन, आणि त्या चालविणारे लोक कोंढा-पवनीकडचे, पहाटे बांधावर जाऊन मग सायकलीने कामावर येणारे. या दोहोंच्या मध्ये मी. सत्तरच्या दशकात नागपूरला कायद्याचे वर्ग अर्धवट सोडून मी संध्याकाळी रशियन शिकलो, तेव्हा कोंढ्याला वडील म्हणाले होते, "कायद्यानं पोट भरते म्हनतेत. हे रशियन शिकून का करशीन? धानाले समजते का रशियन?" धानाला समजत नव्हते. पण नोकरी त्यावरच मिळाली.

अनुवादकाचे काम म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे, असे बाहेरच्यांना वाटते. ओतशाळेत तसे नसते. वाळूच्या साच्यात ओल राहिली आणि त्यात वितळलेले लोखंड पडले, तर आतली वाफ साचा फोडून बाहेर येते आणि समोरचा माणूस भाजतो. म्हणून 'साचा वाळवावा' आणि 'साचा वाळला आहे' यांतील फरक, डॉक्टराकडे रोग्याचा जीव सोपवावा तसा, माझ्याकडे सोपविलेला होता. त्याखेरीज दोन्ही बाजूंचा राग गाळून घेणे हेही माझेच काम. एकदा एका जुन्या तज्ज्ञाने ओली वाळू पाहून आमच्या फोरमनच्या मातोश्रींविषयी बराच वेळ भाषण केले. मी अनुवाद केला, "साहेब म्हणतात, वाळू ओली आहे."

फोरमन म्हणाला, "थो एवढं लांब बोलला न तू एवढुसंच सांगतंस?"

"रशियन भाषा लांब असते."

"मंग त्याले म्हनाव, तुह्या गावचं बरफ नाही हे, वैनगंगेची रेती हाय. तुह्यानं होते तं तू वाळव."

मी तज्ज्ञांना सांगितले, फोरमन आपल्या सूचनेबद्दल आभारी आहेत. दोघे एकमेकांकडे पाहून हसले. त्या दिवशी वाळू नीट वाळली आणि कोणी भाजले नाही. या कामाला पदक नसते. असावे, असे माझे आजही मत आहे.

आता माझ्या नेमणुकीविषयी, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. वर्षभर सलग काम केलेल्या माणसाला कायदा काही संरक्षण देतो. ते संरक्षण मिळू नये म्हणून आमच्याकडे एक रीत होती. वर्ष भरत आले की एक पत्र हाती पडे : 'आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' काही दिवस घरी बसावयाचे. मग दुसरे पत्र : 'आपली नव्याने नेमणूक करण्यात येत आहे.' याला कृत्रिम खंड म्हणतात. कारखान्यात त्याला 'लांजेवारची सुट्टी' म्हणत. माझ्या नावाने एक सण सुरू झाल्यासारखे. प्रत्येक खंडाविरुद्ध मी पोचपावतीसह रजिस्टर पत्र पाठवीत असे. कार्मिक अधिकाऱ्यांनी एकदा मला खोलीत बोलावून म्हटले, "लांजेवार, तुमची पत्रं मी वाचतो बरं का. उत्तम इंग्रजी असतं. शिपायालाही दाखवतो." मी त्या वाक्याचीही लेखी नोंद त्यांना पाठविली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात वलेन्तिन ग्रिगोरियेविच आले. तारेत 'भंडारा रोड' लिहिलेले, म्हणून ते भंडारा रोडला उतरले आणि भंडारा शोधू लागले. भंडारा रोड हे स्टेशन वरठी गावात आहे, भंडाऱ्यात नाही, हे सांगण्यासाठी मला पाठविले होते. गाडीतून उतरलेला तो उंच, लाल मानेचा माणूस चहूकडे पाहून मला म्हणाला, "शहर कुठे आहे?" मी म्हटले, "शहर आहे. स्टेशन त्याच्याकडे गेले नाही." ते मोठ्याने हसले. आमची मैत्री तेथे झाली, असे मी पुढे न्यायालयात सांगू शकलो नाही.

रशियन लोक मोठ्या माणसाला त्याच्या आणि वडिलांच्या नावाने हाक मारतात. ग्रिगोरियेविच हे आमच्या लोकांच्या जिभेवर टिकले नाही. ग्रिगोरीचे गिरी झाले आणि आठवड्याभरात सगळा कारखाना त्यांना गिरीसाहेब म्हणू लागला. साकोलीकडचे एक कामगार तर त्यांची गोत्रचौकशी करून गेले.

गिरीसाहेबांनी जुनी भट्टी मोडून नवी बांधावयास घेतली होती. त्या भट्टीतून पहिले लोखंड स्वतःच्या डोळ्यांनी ओतलेले पाहावे, एवढी एकच त्यांची इच्छा होती. भट्टी अर्धी झाली असताना नवे धोरण आले. ज्या तज्ज्ञाला इंग्रजीत स्वतः अहवाल लिहिता येईल आणि नव्या कॉम्प्युटरवर तो स्वतः टंकित करता येईल, त्याचाच करार वाढेल. परीक्षा होईल. शिकविण्याचे काम, 'श्री. लांजेवार यांचेवर सोपविण्यात येत आहे'. त्या ओळीचा अर्थ मी उभ्या उभ्या समजलो. ते पास झाले की कारखान्याला अनुवादक नको. नापास झाले की ते परत जातील, इंग्रजी न येणारा दुसरा येईल आणि मी राहीन. शिष्य चांगला निघाला तर गुरू उपाशी, अशी ती नेमणूक होती.

मी तरीही शिकविले, आणि जीव तोडून शिकविले.

कार्यालयीन इंग्रजीचे पहिले सूत्र असे की, काम झालेले दिसावे, करणारा दिसू नये. 'राजारामने झडप उघडली' असे लिहावयाचे नाही. 'झडप उघडण्यात आली' असे लिहावयाचे. गिरीसाहेबांना हे समजावून सांगावे लागले नाही. ते म्हणाले, "आमच्याकडेही हाच रोग आहे. फक्त औषधाची बाटली वेगळी." त्यांची अडचण निराळी होती. रशियन माणूस 'मी इंजिनियर' म्हणतो. 'आहे' त्याला लागत नाही. इंग्रजी मात्र 'इज', 'वॉज', 'बीन' या पिलांशिवाय पाऊल उचलत नाही. ही पिले ते वाटेत गमावीत. दुसरे, रशियनमध्ये वस्तू स्वतःच काही करीत असल्यासारखी बोलते. म्हणून ते लिहीत, 'फर्नेस इज रिपेअरिंग.'

"वलेन्तिन ग्रिगोरियेविच, भट्टी कोणाची दुरुस्ती करीत आहे?"

ते विचारात पडत. "माझी," ते एकदा म्हणाले. "तीन वर्षांपासून."

मराठीचा मात्र मला फार उपयोग झाला. रशियनमध्ये 'मला थंडी' अशीच रचना आहे, 'म्न्ये खोलद्ना'. त्यांच्या क्वार्टरवर सुकराम नावाचा स्वयंपाकी होता, अड्याळकडचा. तो एका सकाळी कुडकुडत म्हणाला, "मले थंडी वाजून राहिली जी." गिरीसाहेब चमकून म्हणाले, "हा तर रशियन बोलतो!" तेव्हापासून सुकराम कारखान्यात सांगत असे की, त्याला रशियन येते, आणि मला विचारी, "तुमाले एवढे वर्स काहून लागले शिकाले?"

कॉम्प्युटरसाठी थंड हवेची वेगळी खोली केली होती. चपला बाहेर काढून आत जावयाचे, देवघरासारखे. पुरवठादाराचा माणूस दोन दिवस शिकवून गेला आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून गेला. पुस्तक मला वाचता येई, यंत्र त्यांना कळे. मी भाषा देई, ते अक्कल देत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटत. हुकूम चुकला की यंत्र 'बॅड कमांड' असे तोंडावर सांगे. गिरीसाहेबांना ते आवडे. "या इमारतीत हा एकटाच सरळ बोलतो," ते म्हणत. पण एकदा त्याने 'फाइल नॉट फाउंड' असे लिहिले आणि ते माझ्याकडे वळले. "कोणाला सापडली नाही?"

"त्यालाच."

"मग 'मला सापडली नाही' असे का लिहीत नाही?"

"कार्यालयात लागला आहे तो आता."

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. त्या वर्षी कॉम्प्युटरचीही झाली. गिरीसाहेबांच्या कपाळाला गंध लावले, त्यांनी खाली वाकून ते लावून घेतले. यंत्राला झेंडूची माळ घातली, येथवर ठीक. मग कार्मिक अधिकाऱ्यांनी फ्लॉपीची चकती कागदी पाकिटातून काढून ताटात ठेवली, तिच्या उघड्या भागावर हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या आणि सर्वांच्या टाळ्यांत ती यंत्रात सरकविली. आत काहीतरी दळल्याचा आवाज झाला. परीक्षेसाठी गिरीसाहेबांनी महिनाभर लिहिलेले सारे सरावाचे अहवाल त्या चकतीत होते, आणि यंत्रही दुरुस्तीला गेले. मला टिपण लिहावयास सांगण्यात आले. मी लिहिले, 'कार्मिक अधिकाऱ्यांनी फ्लॉपीवर कुंकू वाहिले.' टिपण परत आले. दुरुस्त मसुदा सोबत होता : 'फ्लॉपी खराब झाल्याचे आढळून आले.' मी त्यावर सही करण्यास नकार दिला. दुसऱ्या कोणीतरी केली.

परीक्षा लांबली. तेवढ्यात माझ्या खंडाचे दिवस आले. सेवासमाप्तीचे पत्र देताना कार्मिक अधिकारी हळूच म्हणाले, "बसा लांजेवार. खंड काय, कागदावरचा असतो. परीक्षा डोक्यावर आहे. शिकवणी बंद पडता कामा नये. रोज क्वार्टरवर जात चला."

"पगार?"

"अहो, खंडात पगार कसा देणार? कायद्याचे माणूस तुम्ही."

"मग आदेश लेखी द्या."

"लेखी दिला तर खंड कसा राहील?" ते हसले. "जा हो. नंतर नव्याने नेमणूक करायची ती आम्हीच ना?"

क्वार्टर कारखान्याच्या कुंपणाबाहेर होते. फाटकावर नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्याच दिवशी रजिस्टर पत्राने त्यांना कळविले की, त्यांच्या तोंडी आदेशानुसार मी कामावर आहे. उत्तर आले नाही. मी रोज जाऊ लागलो. पण आपल्याला बिनपगारी राबविले जात आहे, हे परक्या माणसाला सांगणे मला कमीपणाचे वाटले. मी घरून पोह्यांचा चिवडा नेई, व्हरांड्यात बसे, आणि फिरावयास निघालो होतो असा चेहरा ठेवी.

त्या दिवसांत गिरीसाहेबांचे इंग्रजी एकाएकी खालावले. येत असलेले येईना. 'वॉज' पुन्हा गळाले. भट्टी पुन्हा कोणाची तरी दुरुस्ती करू लागली. मी चिडलो, पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात केली. एका दुपारी ते आत गेले असता सुकराम चहा ठेवून माझ्याजवळ उकिडवा बसला.

"गुरुजी, एक इचारू का? रागावसान नाही ना?"

"विचार."

"तुमी आले का साहेब मुके काहून होतेत?"

"म्हणजे?"

"तुमी गेले का रेडिओसंग इंग्रजीत भांडतेत. कालचा तं पेपर अख्खा वाचून काढला खडखड. मले म्हनतेत, सुकराम, टी हॅज बीन मेड? मी म्हनलो, यस. न तुमी आले का झालं, जिभेले लकवा!" तो गालात हसला. "तुमाले भेतेत का जी थे?"

गिरीसाहेब बाहेर आले. मी वही मिटली आणि रशियनमध्ये विचारले, "किती दिवसांपासून नाटक चालू आहे?"

त्यांनी सुकरामकडे पाहिले. सुकराम कप उचलून नाहीसा झाला.

"मी पास झालो तर तुझे पद जाईल," ते म्हणाले. "मला कळत नाही असे वाटले?"

"आणि नापास झालात तर तुमची भट्टी दुसरा पेटवील."

"भट्टी म्हणजे विटा आहेत. तुला दोन मुली आहेत. या दिवसांत तुला पगार नाही, हेही मला माहीत आहे. सगळा कारखाना जाणतो. तरी तू रोज येतोस, चिवडा घेऊन येतोस. असा मित्र असताना मी पास कसा होऊ?"

येथे एक वाक्य बोलावयाचे होते : 'मी मैत्रीखातर येत नाही, मला तसा हुकूम आहे.' ते खरे होते. पण मी मैत्रीखातरही येत होतो, हेही खरे होते. आणि त्या क्षणी दुसऱ्या सत्याला पहिल्याने बाटविणे मला जमले नाही. मी निराळेच बोललो. मी म्हटले, "माझी नोकरी माझ्या हक्काने राहिली पाहिजे. तुमच्या खोटेपणाने राहिलेली नोकरी मला नको. तुम्ही परीक्षेत मुद्दाम चुकलात, तर मी स्वतः वर तक्रार करीन."

"तू करशील," ते म्हणाले. "तुझा भरवसा नाही."

घरी मंजुळेला, माझ्या पत्नीला, हे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि तव्यावरची भाकर उलटवली. "देवासारखा मानूस आपल्या पायानं चालून आला, न तुमी त्याले कायदा शिकवला. हक्क शिजवाले टाकू का उद्या?"

गिरीसाहेब पहिल्या क्रमांकाने पास झाले. परीक्षकांनी माझे अभिनंदन केले. खंडानंतर माझी नव्याने नेमणूक झाली नाही. पत्र आले : 'अनुवादकाचे पद अनावश्यक झाल्याने रद्द करण्यात येत आहे.' कोणाच्या लेखी अनावश्यक? कोण रद्द करीत आहे? खाली 'करिता' म्हणून कोणाची तरी वाचता न येणारी सही होती. नव्या भट्टीतून पहिले लोखंड ओतले गेले, तेव्हा मी फाटकाच्या बाहेर उभा होतो. आतून लोकांचा ओरडा ऐकू आला. तेवढेच.

मी दावा लावला. वकील केला नाही; माझी बाजू मीच मांडली. मुद्दा साधा होता. खंडाच्या काळातही मी कारखान्याच्याच माणसाला, कारखान्याचाच अभ्यासक्रम, कारखान्याच्याच परीक्षेसाठी शिकवीत होतो. म्हणजे मी कामावर होतो. म्हणजे खंड खोटा, सेवा सलग, आणि मला असे काढणे बेकायदेशीर. माझे रजिस्टर पत्र दाखल होते. व्यवस्थापनाचे वकील म्हणाले, "पत्र मिळाले. आदेश मात्र कोणी दिलेलाच नव्हता. पत्रे लिहिणे हा अर्जदारांचा छंद आहे." न्यायालयात हशा पिकला. मी त्या हशाची नोंद घेण्याची विनंती केली. ती नाकारण्यात आली.

राहता राहिला एक साक्षीदार. गिरीसाहेबांनी निरोप पाठविला की, ते आनंदाने येतील.

आदल्या संध्याकाळी मंजुळा म्हणाली, "जाऊन दोन शब्द सांगून या ना त्यायले. तुमाले ऑफिसानं पाठवलं होतं, एवढंच सांगाचं हाय. खोटं थोडंच हाय थे?"

"साक्षीदाराला पढविणे गैर आहे."

"पढवू नका. आठवन द्या."

"त्यांना जे माहीत नाही, त्याची आठवण कशी देऊ?"

"मंग तेव्हाच काहून नाही सांगतलं?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हते. मी गेलो नाही. माझा हिशेब असा होता की, ते दिवस, ती शिकवणी, तो अभ्यासक्रम, एवढे त्यांच्या तोंडून आले की बाकीचे कायदा बोलेल.

गिरीसाहेब नवा कोट घालून आले. न्यायाधीशांनी विचारले, साक्षीदाराला दुभाषी लागेल काय? शिरस्तेदार उठून म्हणाला, "साहेब, जिल्ह्यात रशियनचा दुभाषी एकच आहे. तोच अर्जदार आहे." पुन्हा हशा. गिरीसाहेब इंग्रजीत म्हणाले, "दुभाष्याची गरज नाही. मला या गृहस्थांनी शिकविले आहे." खोटे कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

सरतपासणी मी घेतली. खंडाच्या काळात मी क्वार्टरवर येत होतो काय? होय, रोज. काय शिकवीत होतो? परीक्षेचा अभ्यास. कोणत्या पुस्तकातून? कारखान्याने दिलेल्या. एकेक उत्तर नेमके, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखे. मी खाली बसलो आणि आयुष्यात प्रथमच मला वाटले की, कागदावर जे खरे असते ते जगातही खरे ठरू शकते.

व्यवस्थापनाचे वकील उलटतपासणीस उठले. त्यांनी फार विचारले नाही.

"या दिवसांत अर्जदारांना पगार नव्हता, हे आपणांस माहीत होते?"

"होते."

"तरीही ते येत. त्यांना आपणाकडे कोणी पाठविले होते?"

गिरीसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला पुढचे ऐकण्याआधीच कळले. ज्या प्रश्नाची ते वाट पाहत होते, तोच प्रश्न त्यांना मिळाला होता. ते ताठ उभे राहिले आणि सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून म्हणाले :

"कोणीही नाही. त्यांना कोणी पाठविले नव्हते. ते स्वतः आले. ते माझे मित्र म्हणून आले. असा माणूस मी तुमच्या कारखान्यात दुसरा पाहिला नाही."

वकील म्हणाले, "आभारी आहे," आणि बसले.

न्यायाधीशांनी मला विचारले, "फेरतपासणी?" मला अधिकार होता. मी उभा राहिलो. काय विचारावयाचे? 'मला हुकूम होता, हे तुम्हांला ठाऊक होते काय?' ते 'नाही' म्हणाले असते, कारण त्यांना ठाऊक नव्हते. आणि प्रश्न विचारताच, तो चिवडा, तो व्हरांडा, ते सारे एका बिनपगारी हुकमाची तामिली होते असे मी त्यांना भर न्यायालयात सांगितले असते.

"प्रश्न नाही," मी म्हटले.

बाहेरच्या ओसरीवर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. कपाळावर घाम होता, शाळेतून सुटलेल्या मुलासारखे डोळे होते. "बरोबर बोललो ना? इंग्रजी बरोबर होते ना?"

"एकही चूक नव्हती," मी म्हटले.

त्यांनी हट्टाने मला चहा पाजला. चहावाल्याला सांगितले, "हे माझे गुरुजी." चहावाल्याने मान हलविली आणि साखर जास्त घातली.

निकाल लागण्याआधीच ते मायदेशी गेले. त्यांना सोडावयास मी वरठीला गेलो होतो. गाडी हलेपर्यंत ते भट्टीविषयीच बोलत होते. मग निकाल लागला. 'सदर कालावधीतील शिकवणी ही मैत्रीच्या नात्याने असल्याचे अर्जदाराच्याच साक्षीदाराने मान्य केले असल्याने अर्ज फेटाळण्यात येत आहे.' निकालपत्रात कर्ता असलेले वाक्य तेवढे एकच होते, आणि तो कर्ता गिरीसाहेब होते. वरच्या न्यायालयात जाण्याइतके बळ घरात उरले नव्हते. मी पवनीला टंकलेखनाचे वर्ग काढले आणि लोकांचे अर्ज लिहून देऊ लागलो. अजून देतो. 'कळविण्यात येते' असे मी कोणालाही लिहू देत नाही. पक्षकार कुरकुरतात, म्हणतात, "मास्तर, कचेरीची भाषा वाटत नाही जी हे." न वाटो.

मंजुळेने त्या दिवसानंतर तो विषय काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते. आज जर कोणी मला विचारले की, पुन्हा तीच वेळ आली तर साक्षीच्या आदल्या संध्याकाळी जाशील काय, तर मी नाही म्हणेन. आणि असे म्हणताना मला कसलेही समाधान वाटणार नाही.

वर्षभराने रशियाहून पत्र आले. कॉम्प्युटरवर टंकित केलेले, निर्दोष इंग्रजी. तेथे थंडी फार आहे. पत्नी बरी आहे. सुकराम कसा आहे? भट्टी चालते ना? आणि शेवटची ओळ : 'तुम्ही निकाल कळविला नाहीत. आपण जिंकलो ना?'

मी आजवर मंत्र्यांना, आयुक्तांना, रेल्वेला, विजेच्या कचेरीला, माझ्या पत्रांना उत्तर न देणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा पुन्हा पत्रे लिहिली आहेत. मला आलेल्या प्रत्येक पत्राला मी उत्तर दिले आहे, त्यात शिवी असली तरी. त्या एका पत्राला दिले नाही.